धाकट्या जावेची कंपनी

दिल्ली गेट मागं पडलं तेव्हा ज्ञानेश्वरी पुढं चालत होती आणि मी तिच्या मागं. नवरात्रात एका पहाटे आम्ही दोघी जावा हर्सूलहून कर्णपुऱ्याच्या देवीला पायी जातो, अनवाणी. पूर्वी मी पुढं असायचे. ती नवी नवरी होती तेव्हा ट्रक आला की माझा पदर धरायची. आता एक रिक्षावाला मुद्दाम रिक्षा हळू करून विचारतो, "मॅडम, सोडू का?"

"नाय भाऊ, देवीला चाललो, पायीच," ती हसून म्हणाली.

मॅडम! माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी तोंडानं देवीचं नाव घेत होते, पण मन त्या मॅडमपाशीच अडकून बसलं.

तिचं माहेर फुलंब्रीकडचं. आई बानाबाई अजूनही शेळ्या राखते. हिची नववीत शाळा सुटली आणि लग्न होऊन आमच्या घरात आली. शिलाई मशीन तिला मी शिकवली, माझ्या मशीनवर, माझ्या दुकानात. हर्सूलला माझं शिलाईच्या सामानाचं दुकान आहे. दोरा, इलास्टिक, बटणं, सुया. ती परकर शिवायला शिकली आणि एक दिवस म्हणाली, "जाऊबाई, कारखान्यातली माणसं हातात कापडी मोजे घालतेत ना, ते कोण शिवतं?"

"कोणी का शिवंना. तू परकर शीव," मी म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. औरंगपुऱ्यात मोतीरामशेठकडून जाडं कापड आणलं आणि हातमोजे शिवायला बसली. घरात सगळे लई हसलो. आमचे मालक म्हणाले, "बोटं मोजून लाव गं, एखाद्या मोज्याला सहा लावशील." आज तिच्या शेडमध्ये बाया रांगेनं मशीनवर बसतात आणि मोजे, एप्रन चिकलठाण्याच्या कारखान्यांत जातात. ज्या गल्लीत लोक तिला माझी जाऊ म्हणून ओळखायचे, त्याच गल्लीत आता मला तिची जाऊ म्हणतात.

धंदा वाढला तसं तिला कर्ज हवं झालं. बँकेत गेली, तर बँकेनं कॉम्प्युटरात बघून नाही सांगितलं. कारण आमचे भाऊजी, म्हणजे तिचा नवरा अजिनाथ. त्यांनी मालवाहू गाडी कर्जानं घेतली होती आणि कागदावर हिचीही सही होती. गाडी उभी राहिली, हप्ते थकले, आणि डाग दोघांच्या नावाला लागला. ती बँकेतून तोंड उतरवून आली, त्या संध्याकाळी मी देवापुढं दोन उदबत्त्या जास्त लावल्या. म्हटलं, आता बसेल गप घरात.

ती बसली नाही. एका सीएकडं गेली. त्यानं सांगितलं, धंदा जोवर तुमच्या नावावर आहे तोवर तुमचा डाग तोच धंद्याचा डाग. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा. कंपनीचं पॅन कार्ड वेगळं, खातं वेगळं. तिनं तिच्या नावावर उधार घ्यायचं, वेळेवर फेडायचं, म्हणजे हळूहळू तिची स्वतःची पत उभी राहते.

मला समजावताना ज्ञानेश्वरी म्हणाली, "लेकरासारखं हाय बघा. जन्म आपण दिला तरी त्याचं आधार कार्ड येगळंच निघतं ना?"

कंपनीचं नाव ठेवलं हरसिद्धी. हरसिद्धी मातेला रोज सकाळी दिवा लावते मी, आणि पाटीवर नाव घेतलं हिनं. ते एकवेळ सोसलं. पण अशा कंपनीला दोन डायरेक्टर लागतात, आणि दुसरी डायरेक्टर तिनं कोणाला केलं? बानाबाईला! पॅन कार्डाच्या फोटोसाठी स्टुडिओवाला म्हणाला, आजी, कपाळ दिसू द्या, तर म्हातारी त्याच्याशीच भांडली, "माझ्या सासऱ्यानं नाय बघितलं, तुला दाखवू व्हय?" अशी ती डायरेक्टर. आणि मी, दहावी पास, स्वतःचं दुकान चालवणारी, मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

मी एकदा बोलून दाखवलंच. ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्हाला घेतलं असतं तर उद्या दोघा भावांचं भांडण कंपनीत आलं असतं. आईकडं शेळ्या हायेत, भांडायला कोण हाय?"

तिचं म्हणणं खरं होतं, त्याचाच जास्त राग आला.

तिचं वागणं मात्र बघण्यासारखं होतं. शेडचं भाडं कंपनीच्या खात्यातून, लाईट बिल कंपनीच्या नावानं. घरी भाजी आणायला कंपनीतला एक रुपया उचलायची नाही. भाऊजींनी डिझेलला पैसे मागितले तर म्हणाली, "माझ्याकडं नायत. कंपनीकडं हायेत."

"मग कंपनीला विचार ना."

"विचारलं. नाय म्हणली."

मोतीरामशेठ तिला कंपनीच्या नावावर महिन्याच्या मुदतीनं कापड देऊ लागले आणि ती मुदतीच्या आधीच पैसे टाकू लागली. मी मागच्या महिन्यात अस्तर घ्यायला गेले. कितीतरी वर्षं त्यांच्याकडून माल घेते मी, आजवर उभ्यानंच घेतला. त्या दिवशी शेठ म्हणाले, "बसा ना ताई, हरसिद्धीवाल्या मॅडमच्या जाऊ ना तुम्ही?" खुर्ची दिली, चहा मागवला. तिच्या नावाची खुर्ची. मी चहा तसाच ठेवून निघाले.

माझ्या दुकानातून ती दोरा नेते, पोत्यानं. तो माल मी नेहमी अजिनाथ भाऊजींच्या खात्यावर लिहीत आले. आमच्याकडं तशीच रीत आहे. बाई माल नेते, खातं घरच्या पुरुषाच्या नावाचं. पैसे ती देते, जमा त्याच्या नावावर. गेल्या दिवाळीत ती म्हणाली होती, "जाऊबाई, कंपनीच्या नावाची पावती देत जा."

मी फटकन म्हणाले, "घरात पावती मागतेस? मी काय परकी झाले का तुला?"

ती दोरा घेऊन गेली. पुन्हा विषय काढला नाही.

भडकल गेटपाशी उजाडलं. खडी टोचून माझे पाय भरून आले होते. कोपऱ्यावरच्या टपरीजवळ आम्ही टेकलो. तिनं माझ्या तळव्यातला खडा काढला आणि पाय मांडीवरून खाली न ठेवताच म्हणाली, "शेंद्र्याचा एक कारखाना वर्षभराचं काम देतोय. गुढीपाडव्यानंतर. पण ते पैसे माल दिल्यावर दोन महिन्यांनी देतेत. तोवर कापड, दोरा, बायांचा पगार, कुठून करू? बँकेची लिमिट पाहिजे, लागतील तसे पैसे उचलायची."

"मग घे की. तुझी कंपनी हाय ना."

"बँकेनं खरेदीचे कागद बघितले. कापडाचे चोख हायेत. मग विचारलं, दोरा कुठून घेता? मी तुमच्या दुकानातलं खातं दाखवलं. ते म्हणले, ह्यो अजिनाथ कोण? तोच का, गाडीवाला?" तिनं हातातला खडा गटारात टाकला. "सगळं येगळं केलं जाऊबाई. एका दोऱ्यानं परत त्यांच्याच नावाला बांधली."

तो दोरा माझ्या दुकानातला होता. मी इकडं तिकडं बघितलं. बाया अनवाणी पुढं चालल्या होत्या.

"मागच्या तारखांच्या पावत्या करून देते," मी म्हणाले. खरं तर मला तेच हवं होतं. तिनं माझं काहीतरी घ्यावं आणि ते तिला आठवत राहावं.

"नको. सीएनं बजावलंय, खोट्या तारखेला हात लावायचा नाय. बँक म्हणती, आजपासून सहा महिने नीट दाखवा, मग बघू. एक महिना चुकला तर काम गेलं. मोतीरामशेठ तर परका माणूस, त्यानं कंपनीच्या नावानं दिलं. आता माझ्या घरचं राहिलंय."

तिनं माझा पाय हळूच खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मॅडम म्हणून नाही, ट्रक आल्यावर बघायची तशी.

"जाऊबाई, उद्या त्यांच्या नावाचं खातं बंद करा. नवं खातं कंपनीचं काढा. पक्की पावती, महिन्याची मुदत. घरची म्हणून भावात एक रुपया सोडू नका. अन् मुदत टळली अन् पैसे आले नाय, तर स्वयंपाकघरात येऊन मला नका बोलू. शेडच्या दारात उभं राहा, बायांच्या समोर, अन् कंपनीच्या नावानं बोंब मारा. कराल एवढं?"