चंदीगडच्या चौकात तुटलेला ॲक्सल आणि माझ्या नावाचा पाटा

कोल्हापुराहून स्वतःच्या गाडीनं चंदीगडला जावं का, असं कुणी विचारलं तर मी आजही हो म्हणतो. फक्त गाडीखाली आपण काय ठोकलंय ते आठवून निघा.

आम्ही गेलो एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत. माझा मेहुणा वसंता तेव्हा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत बदलून गेला होता. ही म्हणाली, "अहो, सहा वर्षं नंबर लावून गाडी मिळाली, ती काय दारात उभी करून पुसायला?" झालं, निघालो. भावासाठी हिनं गुळाच्या दोन ढेपा घेतल्या. मी भाता ओढण्यापासून सुरुवात करून गाडीचं वजन पेलणाऱ्या कमान पाट्यांचा कारखाना काढलेला माणूस. वजन बघितलं आणि मागच्या कमानींत एकेक जादा पाटा घातला. आमच्याकडं सगळेच घालतात.

मुक्काम नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर आणि दिल्ली. चंबळचा टापू उजेडातच पार करा. टाकी अर्धी झाली की भरून घ्या, पुढचा पंप मिळेलच असं नाही. कर्नालजवळ ढाब्यावर दाल, रोटी, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. पाच रुपयांत दोघं तुडुंब. ग्वाल्हेरपर्यंतच्या खड्ड्यांत गाडी कुरकुरलीसुद्धा नाही.

आणि चंदीगडात? रस्ता आरशासारखा, चौकातलं वर्तुळ मोकळं, गाडी बैलाच्या चालीनं वळतेय, तोच मागं 'कट्ट' झालं. इंजिन चालू, गियर पडलेला, गाडी जागची हलेना. मागचा ॲक्सल तुटला होता! ही खाली उतरून म्हणाली, "एवढ्या चांगल्या रस्त्यावर?"

वसंता म्हणाला, "दाजी, घाबरताय काय? गाडी हमीत आहे." ओढत कंपनीच्या एजन्सीत नेली. मॅनेजर सरदारजी, गोड माणूस. चहा मागवला, बॅटरी घेऊन स्वतः गाडीखाली शिरले आणि आतूनच विचारलं, "जनाब, ये दत्तू कौन है?"

दत्तू मीच. माझ्या प्रत्येक पाट्यावर मी नावाचा शिक्का मारतो. पाटा कंपनीचा वाटावा म्हणून वरून काळा रंग दिला होता, पण शिक्का मारायचा हात काही थांबला नव्हता.

"पट्टा बढ़ाया है, वारंटी खत्म," ते हात पुसत म्हणाले. "ये नाम क्यों ठोकते हो?"

"मेरा पट्टा टूटे तो पहचानूं, मुफ्त बदल दूं."

"और ग्राहक ने उसमें छेद किया हो तो?"

"तो नहीं बदलता."

"फिर?" ते हसले. वसंता छताकडं बघायला लागला.

मी बाहेर चहा घेऊन उभा राहिलो. भिंतीपलीकडं दोन मेकॅनिक बोलत होते. माझ्या भट्टीवर पंजाबी ट्रकवाले इतके आलेत की ती भाषा मला अर्धीअधिक कळते. एक म्हणाला, "इस महीने दा चौथा ॲक्सल ऐ." दुसरा हसला, "पक्खे वाले नूं वी जवाब दे दित्ता सी!"

पंखेवाल्यालाही नकार? मी कप ठेवून आत गेलो आणि सरळ विचारलं. सरदारजींचा चेहरा उतरला. दार लोटून हळूच म्हणाले, "ऊपर का हुक्म है जी. कुछ भी लगाया हो, तो मना करो." बाकी तिघांपैकी एकानं हॉर्न बदललेला, एकानं टपावर कॅरियर लावलेलं, तिसऱ्यानं डॅशबोर्डवर छोटा पंखा बसवलेला. पंख्याच्या वाऱ्यानं ॲक्सल तुटतो!

मग मी म्हणालो, "टूटा हुआ टुकड़ा दिखाओ."

लोखंड आपल्याशी बोलतं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग नवा, चकचकीत, अर्धा काळपट. म्हणजे ती भेग जुनी, तापलं लोखंड बुडवून पाणी देताना कंपनीतच पडलेली. माझ्या पाट्याच्या आधीची. मी बोट ठेवून म्हणालो, "पट्टा मेरा, ये दरार आपकी. बाकी तीन भी निकालो."

कोपऱ्यातल्या भंगारातून तीन तुकडे आले. तिन्ही तोंडं तशीच, अर्धी काळी. सरदारजींनी चारही तुकडे एका ओळीत मांडले. मग पगडी सारखी करून कागद ओढला आणि चौघांचे हमीचे अर्ज कंपनीला एकत्र लिहिले. "नौकरी गई तो कोल्हापुर आऊंगा, दत्तूजी."

नवा ॲक्सल अकराव्या दिवशी बसला. तोवर सुखना तलाव तीनदा बघून झाला, एक ढेप संपली. बाकी तिघांनाही मिळाल्याचं वसंतानं नंतर पत्रातून कळवलं. जादा पाटे मी तिथंच काढून ठेवले.

कोल्हापुरात परतलो, तर कारखान्याच्या दारात एक ट्रकवाला तुटलेला पाटा घेऊन उभा. नाव माझंच, पण मधोमध त्यानं पाडलेलं भोक. "नाही बदलत," हे तोंडात आलंच होतं. ते गिळलं आणि म्हणालो, "आण इकडं. आधी कुठं तुटलाय ते बघू."

भोकापासून वीतभर लांब तुटला होता. अर्धं तोंड काळं.