सव्वीस लाडवांचा कार्बन

आमच्या घरात एका शनिवारी सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान कार्बनचं बोरॉन झालं, आणि त्याला मी एकटाच जबाबदार आहे असं घरच्यांचं ठाम मत आहे.

त्याचं असं झालं, की आमची मृणाल नववीच्या सहामाहीत विज्ञानात आपटली. मॅडमनी तिला सांगितलं, शाळेच्या प्रदर्शनात अणूची प्रतिकृती मांडून नीट समजावलीस तर ते गुण धरू, नाहीतर तुझं काही खरं नाही. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, घाबरतेस कशाला, तुझा बाप बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलाय (दोनदा!). थर्माकोलचे गोळे काय, आमची सगळी लालबाग वस्ती आणेल. आपण लाडवांचा अणू करू!

बेसनाचा लाडू प्रोटॉन, रव्याचा न्यूट्रॉन आणि भोवतीनं सहा-सहा मनुका म्हणजे इलेक्ट्रॉन. एका ताटात कार्बन-बारा, म्हणजे सहा बेसनाचे, सहा रव्याचे. दुसऱ्यात कार्बन-चौदा, म्हणजे बेसनाचे तेवढेच सहा, पण रव्याचे आठ. प्रोटॉन सारखे आणि न्यूट्रॉन कमीजास्त, की झाले समस्थानिक. सुनीतानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, मोजून सव्वीस लाडू वळले. सत्ताविसावा का नाही असं विचारल्यावर तिनं नुसतं माझ्या पोटाकडे बघितलं.

ताटं सजल्यावर मी मृणालला अणुवस्तुमानही शिकवून टाकलं. बारा आणि चौदा, मधलं तेरा, संपला विषय. ती म्हणाली, पुस्तकात तर बाराच्या जेमतेम वर दिलंय. मी म्हटलं, छपाईची चूक असेल, हल्ली कोण तपासतं! (हे मी इतक्या आत्मविश्वासानं म्हणालो की त्या बिचारीनं पुस्तकच मिटलं.)

प्रदर्शनाच्या दिवशी, शनिवारी सकाळी आठ वाजता ताटं टेबलावर झाकलेली होती. मी फक्त झाकण सरळ करायला गेलो. पण एकदा दिसल्यावर माणूस किती सहन करणार? न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, म्हणजे तो गेला तर कोणाच्या लक्षात येणार, असा शास्त्रीय विचार करून मी चौदाच्या ताटातला एक रव्याचा उचलला. मृणालनं पाच मिनिटांत पकडलं. पण पोरगी शहाणी, तिनं कार्बन-तेरा अशी नवी चिठ्ठी लावली आणि वेणी घालायला गेली.

तेवढ्यात दिगंबर आला. हा सुनीताचा भाऊ, दापोऱ्याला त्याची केळीची बाग आहे. खांद्यावर आमच्यासाठी एक घड आणि चेहऱ्यावर घाई. सुनीता आंघोळीला गेलेली, म्हणजे पाहुणचार माझ्यावर आला. आता बहिणीच्या घरून भाऊ तोंड गोड केल्याशिवाय जातो का? आणि पाहुण्याला एकुलता एक लाडू आमच्याकडे कोणी देत नाही, जोडीच द्यावी लागते. मी हिशोब केला. कार्बन-बारामध्ये सहा आणि सहा आहेत, तर एक बेसनाचा आणि एक रव्याचा काढला की पाच आणि पाच. दोन्हीकडे सारखेच! तोल राहिला, अणूला पत्ताही लागणार नाही. दिगंबरनं दोन्ही लाडू खाल्ले आणि बेसनाचा जास्त जमलाय म्हणून शेराही मारला.

मृणाल बाहेर आली, तिनं ताटात मोजलं आणि खालीच बसली.

"पप्पा, रव्याचा दिला असता तर कार्बन तरी राहिला असता. तुम्ही बेसनाचा दिला. प्रोटॉन गया तो एलिमेंट ही गया ना! ये अब बोरॉन है."

तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओल्या केसांनी बाहेर आलेली सुनीता मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. दिगंबर तर हातातलं पाणी प्यायचं विसरला. पण मृणालनंच डोळे पुसले. पहिलं ताट पाच-पाचचं होतंच, त्यातली एक मनुका काढली की बोरॉन-दहा. दुसऱ्यातून एक बेसनाचा, एक रव्याचा आणि एक मनुका काढली की बोरॉन-अकरा. कार्बनची माहिती लिहिलेला तक्ता उलटा करून तिनं मागच्या बाजूला नव्यानं लिहायला घेतलं आणि एका जागी अडकली. पुस्तकात बोरॉनचं अणुवस्तुमान दहा पूर्णांक आठ दिलं होतं.

"साडेदहा," मी म्हणालो.

"दाजी, तुम्ही जरा थांबा," दिगंबर म्हणाला. त्यानं मृणालला विचारलं, दहाचे किती आणि अकराचे किती? तिनं पुस्तकात बघून सांगितलं, दहा अणूंमध्ये साधारण दोन दहाचे, आठ अकराचे.

"मंग सोपं आहे बेटा. दहा घडांत आठ घड अकरा किलोचे आणि दोन दहाचे. एवढे हलके घड आपल्याकडे नसतात, पण समज. तर सरासरी साडेदहा कशी पडीन? जिकडे जास्त घड, तिकडेच झुकीन ना."

मृणालचा चेहरा असा उजळला की मला छपाईच्या चुकीची आठवण झाली, आणि मी केळी मोजायला लागलो.

उरलेले दोन लाडू डब्यात घालून तिनं माझ्या हाती दिले आणि शाळेत डबा उघडायचा नाही असं बजावलं.

प्रदर्शनात परीक्षक आले. एक प्रोटॉन काढला तर काय होईल, त्यांनी विचारलं. "मूलद्रव्यच बदलतं सर. आज सकाळी आमच्या घरी झालं," मृणाल म्हणाली. मग त्यांनी दहा पूर्णांक आठ कसं ते विचारलं. तिनं घडांचं उदाहरण असं फडाफड सांगितलं की मॅडमनी तिथेच, सगळे गुण दिले, म्हणून जाहीर केलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

"छान! कोणी शिकवलं?" परीक्षकांनी विचारलं.

"मामांनी."

परीक्षकांनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं. "हेच का मामा?"

"नाही, हे पप्पा. यांनी पहिला न्यूट्रॉन खाल्ला."

सगळे माझ्याकडे वळले. मला खुलासा करायचा होता, पण तोंडात डब्यातला प्रोटॉन होता.