गोमिशानच्या चिखलातली हत्तीमाशीण

आरझगेल्दी माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या गोमिशान गावात सगळे त्याला आरझ आगा म्हणतात. त्याच्याएवढा थकलेला माणूस मी पाहिला नाही आणि तो थकला त्याला कारण आमचा समुद्र.

आमच्या कॅस्पियनला बाहेर जायला वाट नाही. उत्तरेकडच्या नद्यांनी आणून ओतायचं आणि उन्हानं ओढून घ्यायचं, एवढाच त्याचा जमाखर्च. नद्यांचं पाणी वाढलं की तो चढतो, आटलं की उतरतो. आरझ आगाचं नवं लग्न झालं तेव्हा तो चढत होता. आधी विहिरी खारट झाल्या, मग अंगणात पाणी आलं, मग घराच्या खांबांना लाटा लागल्या. आगानं आणि ओगुलनबात वहिनीनं घर फळीफळीनं सोडवलं, ट्रॅक्टरवर घातलं आणि वर गावाकडे नेऊन पुन्हा उभं केलं. खिडक्या बसवून होतात न होतात तोच समुद्र थांबला आणि मागे फिरला. तो आजतागायत मागेच चाललाय. पाण्यामागे नावांचा धक्का लांबवून लांबवून लोक दमले, शेवटी त्यांनी तो नाद सोडला.

"समुद्र श्वास घेतो, पोरा," मशिदीत म्हातारे सांगायचे.

"घेऊ दे की," आगा म्हणायचा. "आमचा जीव जातोय त्यात, एवढंच."

पाणी गेलं तसे मासेही गेले. परक्या समुद्रातनं जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर एक काचेसारखा लिबलिबीत जीव आला. त्यानं बारीक मासळीचं खाणं फस्त केलं, म्हणून ती मासळी रोडावली आणि तिच्यावर जगणारे मोठे मासेही. अंडी घालायला मोठे मासे ज्या नद्यांत चढत, त्या धरणांनी अडवल्या. सोन्याच्या भावानं विकल्या जाणाऱ्या त्यांच्या काळ्या अंड्यांसाठी चोरून मारलेले तर वेगळेच. मग सरकारनं मोठ्या माशांच्या शिकारीवर बंदी घातली. चुकून एखादा जाळ्यात आलाच तर मत्स्यखात्याला कळवायचं.

त्या वसंतात आम्ही तिघं नावेत होतो, आगा, मी आणि त्याचा जुना भागीदार दुर्दी. दुर्दीची जीभ कायम तिखट. बोयी मासळीसाठी टाकलेलं जाळं ओढताना आगा म्हणाला, "ओंडका अडकलाय." तेवढ्यात ओंडक्यानं शेपूट हलवली. फीलमाही होती, आमचा हत्तीमासा. माणसाहून लांब, पाठीवर हाडांच्या ढाली, पोट टम्म. अंड्यांवर आलेली मादी. आम्ही कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

दुर्दीनं सुरी काढली. "खात्याला कोण सांगणार आहे? हा?" माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. "याला बायकोनं विचारलं तरी उत्तर सुचत नाही."

आगा माशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ठेव ती सुरी."

"का? पुण्य लागणार आहे?"

"पुण्य नको मला. मारून मारून कंटाळलोय, दुर्दी. फोन लाव त्या अंडी उबवणाऱ्यांना."

खात्याच्या अंडी उबवायच्या केंद्रातल्या बाई म्हणाल्या, जिवंत आणा, पाण्याच्या टाकीची गाडी पाठवते. पण गाडी येणार जुन्या धक्क्यापर्यंत. तिथं आता पाण्याचा टिपूस नव्हता. धक्का आणि नाव यांच्यामध्ये नुसता चिखल पसरलेला, मांडीपर्यंत आत घेणारा.

आम्ही तिला ओल्या ताडपत्रीत गुंडाळून चिखलावरून घसरवत न्यायच्या नावेतल्या फळीवर घातलं, दोर बांधला आणि ओढायला लागलो. चार पावलं गेलो की थांबायचं, डब्यातलं पाणी तिच्या कल्ल्यांवर ओतायचं, परत ओढायचं. डबे रिकामे झाले की मी मागे नावेकडे जाऊन भरून आणायचो. ऊन चढलं. दुर्दी एवढा दमला की शिव्या द्यायचाही थांबला. धक्क्यावरनं वहिनीनं आम्हाला पाहिलं आणि परकराचा ओचा खोचून ती चिखलात उतरली.

"परत जा," आगा ओरडला. "हे बायकांचं काम नाही."

"घर हलवताना होतं वाटतं?" ती म्हणाली आणि तिनं दोर धरला.

अर्ध्या वाटेत आगाचा पाय खोल गेला आणि गुडघा वाकडा फिरला. तो चिखलातच बसला. मी त्याला उचलायला गेलो तर म्हणाला, "मला राहू दे. मी कुठे पळतोय? तिला ने आधी."

आम्ही तिघांनी तिला टाकीपर्यंत पोचवलं. पाण्यात सोडल्यावर ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मग कल्ले हलले. दुर्दीनं टाकीला टेकून डोळे मिटले. आम्ही फळी घेऊन आगाला आणायला परत गेलो तेव्हा तो बसल्या बसल्या झोपला होता.

केंद्रात बारीकसा छेद देऊन तिची अंडी काढली, टाके घातले आणि काही दिवसांनी तिला खोल पाण्यात सोडलं. पिल्लं निघाली, पुष्कळ जगली. बाईंनी फोनवर आनंदानं सांगितलं. आगा "बरं" म्हणाला आणि फोन वहिनीकडे दिला. गुडघा काही नीट झाला नाही. त्यानं नाव दुर्दीला देऊन टाकली.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीच्या मुखापाशी पिल्लं सोडायला आगाला बोलावलं. त्याला जायचं नव्हतं. वहिनीनं धुतलेला सदरा पुढ्यात ठेवला, तेव्हा उठला. बोटाएवढी पिल्लं, पण पाठीवर त्याच ढाली. आगानं काठीवर भार देऊन बादली कलती केली. पिल्लं क्षणभर त्याच्या पायापाशी घोटाळली आणि गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली.

"कसं वाटतंय, आगा?" बाईंनी विचारलं.

तो विचार करून म्हणाला, "या पोरी अंड्यांवर यायला पंधरा-सोळा वर्षं लागतील. तोवर यांना पाणी पुरेल का, तेवढं बघा."

परतताना आगा गाडीत वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. रस्ता खाचखळग्यांचा. वहिनीनं ड्रायव्हरला हळूच सांगितलं, "सावकाश घे, भाऊ. आम्हाला घाई नाही."