एका फेरीपुरती गाडी

लिफ्टवाले काका निवृत्त झाले, तरी सगळ्यांसाठी लिफ्टवालेच राहिले. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घातला होता, आणि त्यातून शिकलेलं शहाणपण एवढंच: लिफ्ट हळू चालली तर माणूस नुसता कुरकुरतो, धक्का बसला तर मात्र सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्यामुळे वेगाशी त्यांचं कधी जमलं नाही. जेवायलासुद्धा इतका वेळ लावायचे, की बायको म्हणायची, “तुमचं ताट उचलेपर्यंत माझी बाकीची भांडी वाळून जातात.”

आता तसं म्हणणारं कोणी घरात नव्हतं. बायको वर्षापूर्वी गेली. त्याच्या आदल्याच वर्षी मुलगा बायकोपोरीला घेऊन परदेशी गेला होता. जाताना नातीची रिमोटवरची आगगाडी बॅगेत काही मावेना. “आजोबा, तुम्ही सांभाळा हं,” असं तिनं बजावलं, आणि काकांनी ती जबाबदारी नोकरीसारखी घेतली. रूळ वाढवत वाढवत त्यांनी घरभर नेले. टेबलाखालून, चपलांच्या कपाटापुढून, पलंगाखालच्या बोगद्यातून आणि शेवटी खिडकीजवळच्या बायकोच्या खुर्चीला वळसा घालून.

दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. काका फोन रबरबँडनं डब्यावर बसवायचे, कॅमेरा पुढे, पडदा मागे, आणि कंबरेत वाकून गाडीच्या मागोमाग चालायचे. गाडी घर दाखवायची आणि पडद्यावर नात दिसायची. मुलाचा नियम होता, एक फेरी बघायची आणि फोन ठेवायचा. तिकडे रविवारीही पोहण्याचा क्लास असतो म्हणे.

पण हल्ली फेरी निम्मी होते न होते तोच नात जांभया द्यायला लागली होती. मागच्या रविवारी तर गाडी कपाटापुढून गेली तेव्हा पडद्यावर नुसता रिकामा सोफा. बोगदा संपेपर्यंत काका त्या सोफ्याशीच बोलत राहिले, मग कुठे नात परत येऊन बसली. नंतर पोरीनं निकाल दिला, “आजोबा, तुमची गाडी कासव आहे. माझ्या मैत्रिणीची भुर्रकन जाते!”

काकांच्या ते जिव्हारी लागलं. हा एक वारसुद्धा हातचा गेला, तर बाकीच्या वारांचं करायचं काय?

सोमवारी त्यांनी अवजारांची पेटी उघडली. रिमोटला बटणं तीनच, पुढे, मागे आणि थांब. म्हणजे जे काय करायचं ते गाडीतच. डबा कलंडू नये म्हणून आपणच ठेवलेला शिशाचा तुकडा त्यांनी काढला. रूळ पुसले. वळणावर बाहेरच्या बाजूला पुठ्ठ्याच्या घड्या सारून रूळ किंचित उचलला. नव्या बॅटऱ्या घातल्या. तरी इंजिन कण्हतच होतं. मग ते उलटं करून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चाकांच्या दांड्या जवळून पाहिल्या.

दांड्यांना केस गुंडाळले होते. लांब केस, टोकाला काळे आणि मुळाशी पांढरे. पलंगाखाली साचलेले, चाकांनी रविवारी रविवारी थोडे थोडे उचललेले. काकांना केर काढण्याचा आळस, हे सोसायटीत जगजाहीर होतं. त्या दिवशी त्यांना त्या आळसाचे उपकार वाटले, आणि लगेच रडू आलं.

चिमट्यानं एकेक केस सोडवून त्यांनी स्क्रूच्या डबीत ठेवला. दांड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला. आता गाडी अशी सुटली, की काकांना मागे धावावं लागलं.

रविवार उजाडला. काकांनी बटण दाबलं.

“आजोबाऽऽ! सुसाट!” पोर टाळ्या पिटत होती. टेबल गेलं, कपाट गेलं, बोगदा गेला. काका धापा टाकत पडद्यापाशी पोचेपर्यंत गाडी जागेवर येऊन उभीसुद्धा राहिली.

“आजोबा,” नातीचा चेहरा एकदम उतरला, “आजीची खुर्ची दिसलीच नाही. मी तिला टाटा करते ना रोज.”

तिचं ‘रोज’ म्हणजे दर रविवारी. काकांना हे ठाऊकच नव्हतं. ते मागून चालायचे आणि खुर्ची आली की मान फिरवायचे.

“थांब हं बाळा, परत सोडतो.”

मागून मुलाचा आवाज आला. “एकच फेरी ठरली होती ना? चल, उशीर होतोय. बाबा, छान पळते की गाडी आता! ठेवतो हं.”

पडदा काळा झाला. ओट्यावर ठेवलेला चहा अजून पिण्याजोगा गरमही होता. इतक्या लवकर रविवार कधी संपला नव्हता. आपल्याच हातांनी आपण फेरी आखूड केली, हे कळायला काकांना चहा संपेपर्यंत वेळ लागला.

मग ते खिडकीशी, बायकोच्या खुर्चीत बसले. शिशाचा तुकडा डब्यात परत ठेवला. इंजिन उलटं करून मांडीवर घेतलं, स्क्रूची डबी उघडली, आणि एकेक केस दांडीवर पुन्हा गुंडाळायला लागले. सावकाश, एकावर एक, धक्का न लागू देता. पुढचा रविवार यायला आठवडा होता, घाई कसलीच नव्हती.