टेंभरंवालीचा डोंगर

उन्हाळ्यात मरोद्याला, स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरच्या फाटकाशी एक गोंड म्हातारी जंगलातली टेंभरं विकायला येते. प्रत्येक फळ अंगठ्यानं दाबून, पिकलं असलं तरच देते. यंदा म्हणाली, "खाणवाले डोंगर मागून राहिले. ग्रामसभेत आमी सगळ्यायनं नाही म्हटलं."

मी शहाणपणा केला, "कावून? पक्कं घर देत होते ना?"

तिनं माझ्या घराकडं बोट केलं. "हे तुयं?"

"प्लांटचं. यांची नोकरी संपली का सोडा लागते."

"अन् हा आंबा?"

"लावला मीच. पण तोही प्लांटचाच."

म्हातारी तोंडाला पदर लावून खुदुखुदू हसली. मग मापावर आणखी ओंजळभर टेंभरं माझ्या पदरात टाकत म्हणाली, "घे, माय. ज्याचं काहीच नाही, त्याले द्याच लागते."