तेरेसा नंबर पुकारते

तेरेसाने दारावर थाप मारली तेव्हा मी आमटीला फोडणी घालत होते, आणि फोडणीच्या वेळी दार वाजलं की माझं डोकं फिरतं. उघडलं तर ही उभी, काखेत नातीची वही.

"बाय, मना इंग्लिश शिकवा. आगेऱ्याच्या आत."

आगेरा म्हणजे आमच्या वाकोल्याच्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन लोकांचा सुगीचा सण, ऑक्टोबरातला पहिला रविवार. हाताशी सात आठवडे होते. तेरेसाचं वय एकोणसाठ, शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत. मी म्हटलं, "मोहरी करपली माझी. आत ये."

मी सुहासिनी. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं आणि तेरेसाच्या शेजारी भाड्याने राहायला त्याहून जास्त वर्षं झाली. मुलं मला ‘तिखट बाई’ म्हणायची. खोटं नव्हतं ते.

आगेऱ्याच्या दुपारी क्रुसासमोरच्या मैदानात सगळं गावठाण हौजी खेळतं. प्रत्येकाच्या हातात आकड्यांचं तिकीट. एकाने पेटीतून नंबराची लाकडी सोंगटी काढायची, मोठ्याने पुकारायची आणि फळ्यावरच्या तिच्या खाचेत बसवायची. ज्याचं तिकीट आधी भरलं तो ‘फुल हाउस’ ओरडतो. तेरेसाचा नवरा ऑगस्टीन एकतीस वर्षं नंबर पुकारत होता. काय आवाज होता माणसाचा! माइकची वायर उंदराने कुरतडली होती त्या वर्षीसुद्धा मागच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांना नंबर ऐकू गेले. मार्चमध्ये घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ऑगस्टीन पाटीवर लिहून बोलतो. त्याहून वाईट म्हणजे पाच महिन्यांत तो घराच्या ओट्यावरून खाली उतरला नव्हता. मैदान वीस पावलांवर, पण नाही.

कमिटीचा सेक्रेटरी व्हर्नन त्याच्याकडे आला होता. "अंकल, टेन्शन नाय घ्यायचं. फोनमध्ये ॲप आहे, ते नंबर बोलतं. एकदम झकास."

ऑगस्टीनने पाटीवर लिहिलं, ‘पेटी घेऊन जा.’

व्हर्नन पेटी उचलायला वाकला, तर तेरेसा चक्क पेटीवर जाऊन बसली. "पेटी या घरातून जायची नाय. मी पुकारीन नंबर."

"आंटी, इंग्लिशमध्ये पुकारावं लागेल हां. अर्ध्या पोरांना मराठी आकडे कळत नाहीत आता. आणि गडबड झाली ना, तर मी तिथल्या तिथे ॲप लावणार."

"लाव," तेरेसा म्हणाली.

हे सगळं तिने मला माझ्या स्टुलावर टेकून सांगितलं. "बाय, मशीन बोललं तर तो कदी बाहेर येणार नाय. मी बोलले तर पेटीजवळ येऊन बसेल. एकदा मैदानात आला ना, की सुटला. मना एवढंच पायजे."

नात जेनेव्हिव्ह चौथीत. तिच्या वहीत तीन धडे होते: लघुरूपं, आकडे आणि शब्दांच्या आधी लागणारे तुकडे. मी म्हटलं, तुला आकड्यांपुरतं काम, बाकीचं सोड. पण तेरेसा हटून बसली, आधी लघुरूपं. का, ते दोन दिवसांनी सांगितलं. हॉस्पिटलमध्ये ऑगस्टीनच्या खाटेवर एक पाटी लटकवली होती, एनबीएम. तेरेसाला वाटलं, डॉक्टरचं नाव असेल. ऑपरेशनच्या दिवशी पहाटे तिने नवऱ्याला प्रेमाने वाटीभर पेज पाजली. एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही. ऑपरेशन तीन दिवस पुढे गेलं. त्या तीन दिवसांनी काही बिघडलं नाही, असं डॉक्टरांनी तिला दोनदा सांगितलं. तिला ते पटलेलं नाही.

मग काय, दोन आठवडे ती लघुरूपांच्या मागे हात धुऊन लागली. ओपीडी, आयसीयू, ईएनटी, एटीएम, पिन, ओटीपी. रस्त्याने जाताना पाट्या वाचायची आणि धावत येऊन मला विचारायची. एकदा भर दुपारी, मी डुलकी काढत असताना, खिडकीतून ओरडली, "बाय! पीटीओ म्हणजे पान उलटा! वीज बिलाच्या खाली व्हतं! मी उलटलं!" मी चिडले, पण उठूनसुद्धा बसले. चौतीस वर्षांत एवढ्या आनंदाने पान उलटणारा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

आधी लागणाऱ्या तुकड्यांनी तर घर डोक्यावर घेतलं. ‘री’ म्हणजे पुन्हा, ‘अन’ म्हणजे नाही, ‘मिस’ म्हणजे चुकीचं, ‘प्री’ म्हणजे आधी. एवढं कळलं आणि तिने ते मिळेल त्या शब्दाला लावायचा सपाटा लावला. दुसरा चहा म्हणजे री-चहा. मीठ जास्त पडलेली कोलंबी म्हणजे मिस-कोलंबी. जेवणाआधी नातीने चकली उचलली की "प्री-चकली नाय चालणार!" ऑगस्टीन ओट्यावरून ऐकायचा. एके दिवशी त्याने पाटी वर धरली. त्यावर लिहिलं होतं, ‘अन-बायको.’ तेरेसा हसून हसून भिंतीला टेकली. ऑपरेशननंतरचा त्याचा तो पहिलाच विनोद होता, आणि मला भरून आलं.

आकड्यांनी मात्र घाम फोडला. मराठी माणूस सत्तेचाळीस म्हणतो तेव्हा तोंडात सात आधी येतो, चाळीस मागून. इंग्रजीत उलट. तेरेसा सोंगटी बघायची, मनात मराठीत वाचायची आणि पुकारायची उलटं. छत्तीसला सिक्स्टी-थ्री, एकोणतीसला तर नुसताच आ. मी पट्टी आपटायचे. मग तिला सवय लावली, आधी सुटे अंक, मग जोडून. "थ्री सिक्स, थर्टी-सिक्स." भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, भाजीवाल्यासमोर. नंबरांना तिने स्वतःच्या ओळीही जुळवल्या. "नंबर एट, लाव रे गेट! टू टू, ट्वेंटी-टू, नको रडू!" शेवटच्या आठवड्यात नव्वदच्या नव्वद सोंगट्या तिने एकही चूक न करता पुकारल्या. आम्ही दोघी साठीच्या बाया माझ्या स्वयंपाकघरात टाळ्या पिटत नाचलो.

आगेऱ्याच्या दिवशी तेरेसाने ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं. मैदान भरलं. शेजारच्या चाळीतले आमचे कोकणी लोकही तिकिटं घेऊन आले होते. पेटीशेजारी तिने रिकामी खुर्ची मांडली आणि ओट्याकडे पाहिलं. ऑगस्टीनने मान हलवली. नाही. एक तिकीट मात्र त्याने मागून घेतलं होतं. गळ्याला रुमाल बांधून तो तिथूनच ऐकत बसला.

"आयज आपुन खेलू या!" तेरेसा माइकवर ओरडली आणि सुरू झाली. अहो, काय सांगू! पहिले पाच नंबर घाबरत, आणि मग गाडी सुटली. "फाइव्ह झिरो, फिफ्टी, कोण बोलतं भीती?" लोक हसत होते, शिट्ट्या मारत होते. पोरं तिच्या ओळी तिच्याआधी म्हणायला लागली. व्हर्ननने फोन खिशात ठेवला. माझी छाती अशी फुगली होती की ब्लाउजची काळजी वाटावी.

आणि मग चाळीतली प्रेमा उठली. "फुल हाउस!"

व्हर्ननने तिचं तिकीट तपासलं. शेवटचा नंबर चौऱ्याहत्तर. फळ्यावर चौऱ्याहत्तरची खाच रिकामी होती. सत्तेचाळीसची भरलेली.

"अरे, सेव्हन फोर, सेव्हन्टी-फोर बोलली ना ती!" प्रेमा भडकली. "सगळ्यांनी ऐकलंय!"

ऐकलं होतं. मीसुद्धा ऐकलं होतं. आनंदाच्या भरात मराठीतला सात आधी बाहेर पडला होता. अर्धं मैदान सेव्हन्टी-फोर म्हणून, उरलेलं फळ्याकडे बोट दाखवून भांडायला लागलं. तेरेसाने फळ्याकडे पाहिलं आणि माइक खाली घेतला. व्हर्ननने खिशातून फोन काढला. "सॉरी आंटी. सांगितलं होतं मी." मला संताप आला, त्याचा, तिचा, माझ्या त्या पट्टीचा.

तेवढ्यात कलकल एका बाजूने शांत होत आली. लोक वाट देत होते. ऑगस्टीन ओट्यावरून उतरला होता. पायात चप्पलसुद्धा नव्हती. वीस पावलं तो सरळ चालत आला, फळ्यावरून सोंगटी उपटली आणि डोक्यावर उंच धरली. मग दुसऱ्या हाताची चार बोटं दाखवली. मग सोंगटी तोंडात धरून दोन्ही हातांची सात.

मग मागच्या ओळीतून एक म्हातारा ओरडला, "फोर सेव्हन!" आणि अख्खं मैदान गरजलं, "फॉर्टी-सेव्हन!"

ऑगस्टीनने हात कानाला लावला, ऐकू नाही आलं म्हणून. पुन्हा तीनशे माणसं गरजली. प्रेमासुद्धा, हसत, तिकीट हलवत. "असू दे हो, अंकलनी सांगितलं ना." व्हर्नन फोन कधी खिशात घालून बसला ते कुणी पाहिलं नाही. ऑगस्टीन रिकाम्या खुर्चीत बसला, पेटीत हात घातला आणि पुढची सोंगटी काढून बायकोसमोर धरली. तेरेसाचे डोळे वाहत होते, पण आवाज खणखणीत होता. "वन नाइन, नाइन्टीन!" पुढचे सगळे नंबर तिने पुकारले आणि त्याने बोटांनी दाखवले. फुल हाउसच्या बक्षिसाचा कुकर शेवटी प्रेमानेच नेला.

खेळ संपल्यावर पोरांनी ऑगस्टीनला घेरलं होतं. तेरेसा माझ्याजवळ आली. मी तिला काही बोलणार, तोच तिने माझा हात दाबला.

"बाय, रागवू नका. पुढच्या वर्षी पण एक नंबर चुकवीन मी."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तो परत ओट्यावरच बसला असेल तर."

चौतीस वर्षं मी चुकांखाली लाल रेघा ओढल्या. तिला म्हटलं, चुकव.