दाबलेलं दूध

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. तिच्या नोकरीचा नाही, स्कूटीचा नाही, दुधाचा. म्हशीखाली रोज सकाळी मी बसायचं, शेणात हात मी घालायचे आणि दुधावरून कौतुक मात्र तिचं व्हायचं, हे माझ्या अजून पचनी पडत नाही.

राजूरजवळ आमचं घर. दोन पिढ्यांमागं सगळे गुरंच राखायचे. सासूबाई माहेरीही तशाच वाढलेल्या, धार चालू असतानाच गोठ्यात पेला तोंडाला लावणाऱ्या. मागच्या वर्षी त्यांचा ताप काही केल्या हटेना. तो निरशा दुधातूनच आला म्हणत जालन्याच्या डॉक्टरांनी ते कायमचं बंद केलं आणि उकळल्याशिवाय घोटभरही देऊ नका म्हणून मला बजावलं. तेव्हापासून मी मंद आचेवर दूध तापवते. गावात माझ्या सायीचं नाव आहे. पण सासूबाई पेला नाकाशी न्यायच्या आणि खाली ठेवायच्या. "उकळल्याचा वास येतो. पानी दे." भाकरी आधीच अर्ध्यावर आली होती, त्यात दूध सुटलं. बाई डोळ्यांदेखत वाळत चालल्या. त्यांना पेलाभर दूध पाजणं माझं काम होतं आणि तेच मला जमत नव्हतं.

धाकटी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आहे. तिथं फळांचे रस टिकवतात, पण तापवत नाहीत. बंद बाटल्या पाण्याने भरलेल्या जाड पोलादी नळकांड्यात ठेवतात आणि त्या पाण्यावर इतका दाब देतात की आतले जंतू मरून जातात. दाब चहूबाजूंनी सारखा, म्हणून बाटली चेपत नाही. मी भाकऱ्या थापत असताना तिनं हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "दाबून जंतू मरत असते तर आम्ही एवढी वर्षं धुरात डोळे कशाला फोडून घेतले?" त्यावर ती नुसती हसली. मला तिचं ते हसणं आवडत नाही.

पुढं कारखान्यात दुधावर प्रयोग सुरू झाले म्हणून तिनं सांगितलं. त्याच सुमारास ती सकाळी माझ्याकडून किटलीभर दूध न्यायला लागली. मला वाटलं, तिकडच्या लोकांच्या चहाला नेत असेल, वर मिरवत असेल.

एक दिवस ती बर्फाच्या डब्यातून बाटली घेऊन आली. "जाऊबाई, हे सासूबाईंना द्या. तपासून झालंय, बिलकुल भिऊ नका," म्हणाली आणि पाय धुवायला गेली. आमच्याकडं बाहेरून आलेलं दूध आधी चुलीवर चढतं, मग घरात फिरतं. माझा हातही तसाच चालला. ती येईपर्यंत पातेल्यात दूध वर आलं होतं.

"अहो जाऊबाई! इतकं लांबून दाबून आनलं, अन् तुम्ही उकळून टाकलं व्हय? आता ते तुमच्या दुधासारखंच झालं की!"

आणि खरंच, सासूबाईंनी तेही दूध नाकाशी नेऊन खाली ठेवलं. माझ्या जिवाला असा काही थंडावा मिळाला म्हणून सांगू!

पुढच्या बाटलीला तिनं मला हात लावू दिला नाही. स्वतःच पेला भरून सासूबाईंना दिला. मी दारात, पिठाच्या हातांनी उभी. त्यांनी नको म्हणावं, एवढंच माझ्या मनात. त्यांनी वास घेतला. एक घोट घेतला. मग डोळे मिटून, थांबत थांबत सगळा पेला रिकामा केला. ओठावर पांढरी रेघ उमटली होती, तीही जिभेनं पुसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सासू दूध प्याली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

सासूबाईंनी पेला तिच्या हातात दिला आणि बघितलं माझ्याकडं. "म्हशीला लसूणघास टाकून राह्यलीस का गं?"

मी धाकटीकडं बघितलं. ती म्हणाली, "आपल्याच म्हशीचं नेते की मी रोज. तुम्हाला काय वाटलं?"

विहिरीजवळचा एक वाफा मी लसूणघासाच्या हिरव्या चाऱ्याला दिला होता. दुधाला गोडी यावी, सासूबाईंनी ते प्यावं, एवढ्याचसाठी. कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तापापासून सासूबाई गोठ्याकडं फिरकल्याही नव्हत्या.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मंग इतके दिवस मला कसं कळलं न्हाई गं?"

मी चुलीकडं बघितलं. संध्याकाळचं दूध वर यायला लागलं होतं. धाकटी तेव्हा हसली असती तर बरं झालं असतं, मला तिच्यावर चिडता आलं असतं. पण ती हसली नाही. तिनंच पुढं होऊन पातेलं उतरवलं.